भावाला तेल, मला जळमटे

गावाच्या चौकीवर टांगलेला मी एक जुना केंटोंगान. केंटोंगान म्हणजे आतून पोखरून पोकळ केलेले फणसाचे खोड, पोटावर एक उभी चीर. त्या चिरेच्या काठावर दांडका बसला की आवाज नदीपलीकडच्या भाताच्या खाचरांपर्यंत जातो. दिसायला मी देखणा नाही. उन्हापावसाने काळा पडलो आहे आणि डोक्यावर कोंबड्या बसून बसून पांढरे ओघळ आले आहेत. पण मित्रांनो, ह्याचे मला कधी वाईट वाटले नाही. मला आयुष्यभर जाळले ते एकाच गोष्टीने. मला एक सख्खा भाऊ होता आणि त्याचे माझ्यापेक्षा फार बरे चालले होते.

आम्ही दोघे एकाच झाडाचे. हे झाड सुतार तुकिरानच्या परसात होते. सगळा गाव त्याला म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणत असे. झाडाने फळ धरणे सोडले तेव्हा म्बाहने ते पाडले आणि खोडाचे दोन तुकडे केले. बुंध्याकडचा मी, शेंड्याकडचा तो. बुंध्याचे लाकूड जड आणि घट्ट, म्हणून माझा आवाज खर्जातला. भावाचा आवाज पातळ आणि गोड. म्बाह एकाच पटाशीने कधी मला कोरी, कधी त्याला. रात्री आम्ही एकाच पडवीत भुशाच्या ढिगाशेजारी उभे असू. तेवढाच काळ आम्ही दोघे सारखे होतो.

मग गावकरी आम्हाला न्यायला आले. एकाने भावावर टकटक केली आणि म्हणाला, "हा मशिदीला द्या, म्बाह. किती बोलका आहे!"

"आणि हा?" म्बाहने माझ्याकडे बोट दाखवले.

दुसऱ्याने मला एक टोला दिला आणि दचकून मागे सरला. "अरे बापरे! हा चौकीवर टांगा. हा ओरडला की चोराच्या पोटात गोळाच यायला हवा."

"चोराच्या कशाला, माझ्याच पोटात आला!" तिसरा म्हणाला आणि सगळे खो खो हसले. भावाला त्यांनी खांद्यावर घेतले. मला दोरीने बांधून हातगाडीवर टाकले. माझ्या हेव्याची सुरुवात त्या हातगाडीवरच झाली.

भाऊ नदीकाठच्या मशिदीच्या ओसरीवर लागला. दिवसातून पाच वेळा त्याची पाळी यायची. आधी तो बोलायचा, मग शेजारचा कातडी नगारा, मग बांग. पुढे मशिदीवर भोंगा आला, तरी त्याचा मान गेला नाही. त्याच्या दांडक्याला मऊ फडके गुंडाळलेले असे आणि तो खिळ्याला नीट अडकवलेला असे. ईदच्या आधी बायका त्याला खोबरेल तेल लावत, नवी दोरी बांधत. रमजानात तर पोरांची त्याच्यासाठी भांडणे होत. "आज मी!" "नाही, तू काल वाजवलास!" हा गलका वाऱ्यावर माझ्यापर्यंत येई आणि मी चौकीवर गप्प लटकत राही.

चौकी गावाच्या वरच्या अंगाला, तिठ्यावर. बांबूचे चार खांब, वर पत्रा, खाली बसायला फळ्या. आळीपाळीने गस्तीला येणारी माणसे तिथे लवंगेच्या सिगारेटी ओढत, ठिपक्यांच्या सोंगट्या आपटत खेळत. प्रत्येक घराच्या दाराशी एक छोटा डबा टांगलेला असे, त्यात घरच्यांनी मूठभर तांदूळ टाकून ठेवायचा आणि गस्तवाल्यांनी तो गोळा करायचा. त्यातून गावाचा खर्च चाले. माझे काम वेगळे. गावावर काही ओढवले तर मी बोलायचे. एकेक सावकाश टोला म्हणजे कोणीतरी गेले. दोन-दोन म्हणजे चोर. तीन-तीन म्हणजे आग. चार-चार म्हणजे नदी किंवा डोंगर खवळला. ही भाषा गावातल्या शेंबड्या पोरालाही येत असे. पण ती ऐकायला कोणालाच आवडत नसे. पोर माझ्याजवळ आले की आई ओरडे, "हात लावू नकोस त्याला! अपशकुनी आहे ते!"

तुम्हीच सांगा, एकाच झाडाची दोन लेकरे, एक शकुनाचे आणि एक अपशकुनाचे कसे झाले?

एकदा मात्र मला वाटले, आता माझा दिवस आला. चौकीसमोर बू पोनियाहचे खाण्याचे दुकान आहे. आमच्याकडे बाईला आदराने बू म्हणतात आणि पुरुषाला पाक. तळलेले टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि उकडून कुटलेल्या कंदाचा गोड गोळा ती विकते. एके पहाटे तिच्या गोठ्यातल्या शेळ्या कोणीतरी मागच्या दाराने काढल्या. गस्तीवर पाक जुमेनो होता. तेव्हा तो तरुण होता आणि गस्तीचा प्रमुख व्हायचा होता. त्याने मला असे काही बडवले की अख्खा गाव काठ्या घेऊन तिठ्यावर आला. चोर शेळ्या सोडून उसात पळाला. पोनियाह एकेका शेळीच्या गळ्यात पडून रडली.

"मी जेवण घालणार!" तिने जाहीर केले. "पिवळा भात, कोंबडी, सगळं!"

आणि मित्रांनो, तिने जेवण घातलेही. पण कुठे? मशिदीच्या ओसरीवर! जागा मोठी, हात धुवायला पाणी, म्हणून तिथे. माझ्या भावाच्या खाली केळीची पाने मांडली. येणारा-जाणारा त्याला हात लावून गेला. ओरडून ओरडून घसा बसला माझा आणि पंगत बसली त्याच्याकडे. त्या दिवशी मी इतका जळलो की माझ्या पोटातल्या भुंग्यानेही घर सोडून जावे.

ह्याच गावात सारिनेम नावाची बाई आहे. तिचा नवरा नदीत वाळू उपसायचा. आमच्या डोंगराच्या पोटात आग आहे. तो राख ओकतो, पाऊस ती खाली आणतो आणि नदीत उत्तम काळी वाळू साठते. त्या वाळूवर निम्मा गाव जगतो. एके दिवशी वाळूची कड ढासळली आणि सारिनेमचा नवरा खाली सापडला. घरी निरोप घेऊन माणूस पोचायच्या आधी मी वाजलो. एकेक, सावकाश. सारिनेम तेव्हा दारात धान्य पाखडत होती. तिने टोले ऐकले, सूप तसेच हातात धरून चौकीवर आली आणि म्हणाली, "कोण गेलं?" सगळे तिच्याकडेच पाहत होते. तेव्हा तिला कळले.

तेव्हापासून ती माझ्याकडे बघत नसे. तिठ्यावरून जाताना पदर तोंडावर ओढून मान फिरवी. गावसभेत तर तिने उघड म्हटले, "ते काळं लाकूड उतरवा आणि चुलीत घाला."

"अगं, लाकडाचा काय दोष?" पोनियाहने समजावले.

"दोष नसेल. मला ते बघवत नाही."

आणि हीच सारिनेम रोज दुपारी मशिदीच्या झऱ्यावर कपडे धुवायला जाई, तेव्हा भावाखाली घटकाभर बसे. त्याच्या आवाजाने तिला बरे वाटे म्हणे. तिचे दुःख मी सांगितले, तिची समजूत त्याने घातली. मग मला काय वाटले असेल?

पुढे दिवस बदलले. सगळ्यांच्या खिशात फोन आले. पाक जुमेनो आता गस्तीचा प्रमुख झाला होता. एखादी अनोळखी गाडी दिसली की तो फोनवरूनच सगळ्यांना कळवी. फळ्यांवर कोणी बसेनासे झाले. माझ्या चिरेत गांधीलमाश्यांनी घर केले. कोंबड्यांनी मला बसायचा दांडा केला. माझे स्वतःचे दांडके जुमेनोनेच एक दिवस उचलून नेले. त्याच्या मिरचीचे रोप वाकले होते, त्याला टेकू हवा होता. दांडक्यावाचून मी म्हणजे जिभेवाचून माणूस. पण तेही कोणाच्या लक्षात आले नाही. आणि नदीवरून पाच वेळा भावाचा तोच गोड आवाज येतच होता. फोन असो, भोंगा असो, त्याला कोणी काढले नाही. कधी कधी मी मनात म्हणे, एकदा तरी त्याचा आवाज बसावा.

मग तो दिवस उजाडला. गावात लख्ख ऊन होते. डोंगराच्या माथ्यावर मात्र सकाळपासून काळे ढग होते आणि दुरून गडगड ऐकू येत होती. दुपारी वर कुठेतरी वीज पडली. गावाचे दिवे गेले, पाठोपाठ फोनही मुके झाले. कोणी फारसे मनावर घेतले नाही. असे नेहमीच होई. माणसे नदीच्या पात्रात वाळू उपसत होती. त्यांत सारिनेमची मुलगी लास्त्रीही होती. बाप गेल्यावर आईच्या शिव्या खाऊन तिने तेच काम धरले होते. मशिदीच्या खाली नदी वळण घेते, तिथे वळणापलीकडे त्यांचा ट्रक उभा होता.

सारिनेम झऱ्यावर कपडे धूत होती. पुढचे तिनेच नंतर चौकीवर सांगितले, म्हणून मला ठाऊक. नदीचे पाणी बघता बघता करडे झाले, दाट झाले. गंधकाचा वास आला. वरच्या अंगाने दगडावर दगड आपटल्याचा आवाज येऊ लागला आणि पायाखालची फरशी थरथरू लागली. डोंगरावरून राख, चिखल आणि धोंड्यांचा लोंढा निघाला होता. ती लेकीच्या नावाने ओरडली. पण वळणापलीकडे ट्रकचा आवाज, फावड्यांचा आवाज. हाक कुठे पोचणार? ती ओल्या पायांनी ओसरीवर धावली. भोंग्याचे बटण दाबले, तो मुका. तिने खिळ्यावरचे दांडके ओढले आणि माझ्या भावाला बडवायला लागली. चार-चार. चार-चार.

मी चौकीवर ते ऐकले. आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? नदीचा नाही, माणसांचा नाही. मला वाटले, हे तर माझे बोल! पंगत त्याची, तेल त्याचे, पोरे त्याची. एक चार-चार तेवढे माझे होते, तेही आता त्याच्याच तोंडी? रागाने मी आतून धुमसलो.

पण मग मी खाली पाहिले. कोणीच धावत नव्हते. पाक जुमेनो अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होता. त्याने मान वर केली आणि बायकोला म्हणाला, "शाळा सुटली वाटतं. पोरं वाजवतायत."

"आज लवकर सुटली," बायको म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

भाऊ जीव तोडून ओरडत होता. त्याचा तो गोड, रोजचा, ओळखीचा आवाज. गाव तो ऐकत होता आणि खुशाल बसून होता. तेव्हा माझा राग कुठल्या कुठे गेला. मला भीती वाटली.

सारिनेमच्याही ते ध्यानात आले. तिने दांडके टाकले, लुगड्याचा काठ खोचला आणि चढण चढू लागली. ती धावतच तिठ्यावर आली. पोनियाह दुकानात कंद कुटत होती.

"अगं, काय झालं? कोण मागे लागलंय?"

"नदी! नदी येतेय! ह्याचा दांडका कुठंय?"

"दांडका? तो जुमेनोनं नेला, मिरचीला..."

"मग ते दे! मुसळ दे तुझं!"

"अगं, त्याला गूळ लागलाय..."

"दे म्हणते ना!" तिने मुसळ हिसकावले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिले. डोळ्यांत अजून तोच तिटकारा होता. त्याच तिटकाऱ्याने तिने मला हाणले.

गांधीलमाश्यांचे घर गळून पडले. मुसळ जड होते. दुसऱ्या-तिसऱ्या टोल्याला माझ्या कुशीत काहीतरी फाटले. पण आवाज निघाला मित्रांनो! कित्येक वर्षे तुंबलेला माझा खर्जातला आवाज. चार-चार. चार-चार. माश्या तिच्या हाताला, मानेला डसत होत्या. ती थांबली नाही.

जुमेनोच्या हातातले दाण्याचे सूप खाली पडले. "चौकीचा! चौकीचा वाजतोय!" घराघरांतून माणसे बाहेर आली. कोणी म्हाताऱ्यांना पाठुंगळीला घेतले, कोणी शेळ्या सोडल्या. खाली पात्रात फावडी पडली. ट्रकवाल्याने गाडी सुरू करायला किल्ली फिरवली, तेव्हा लास्त्रीने त्याची सदऱ्याची कॉलर धरली.

"उतर खाली!"

"अगं, ट्रक! नवा ट्रक आहे!"

"ट्रक नवा मिळेल, तू नवा मिळशील का? उतर!"

ती सगळी काठावर चढली आणि वळणावरून लोंढा आला. त्याला नदी म्हणता येत नव्हते. घराएवढे धोंडे त्यात ओंडक्यांसारखे तरंगत होते. ट्रक गेला, पूल गेला, खालची भाताची खाचरे गेली. आणि लोंढ्याने मशिदीचा ओटा, झरा आणि ओसरी एका घासात गिळली.

माणूस मात्र एकही गेला नाही.

लास्त्री चिखलाने माखून तिठ्यावर आली. सारिनेमने आधी तिच्या मुस्काटात मारली आणि मग तिला घट्ट धरून हुंदके देऊ लागली.

"मी मशिदीतलं वाजवलं होतं गं! तुम्ही का नाही पळालात?"

"ऐकलं की आई," लास्त्री म्हणाली. "आम्हाला वाटलं, कोणीतरी खेळतंय. ते तर रोज वाजतं, त्याला कोण भिणार? पण हा वाजला आणि काही विचार करायच्या आत पाय पळायला लागले."

त्या संध्याकाळी सगळ्यांनी मला हात लावले. जुमेनो मिरचीचे रोप मोडून दांडके परत घेऊन आला आणि शरमेने माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला. पोनियाहने स्वतःच्या हातांनी मला पुसले, खोबरेल तेल लावले. जन्मात पहिल्यांदा! सगळे माझेच गुण गात होते. खरे सांगतो, मला फार बरे वाटले. मी मनात म्हटले, बघ रे भावा, बघ आता.

दुसऱ्या दिवशी पहाट झाली आणि नदीवरून आवाज आला नाही. दुपारी आला नाही. उन्हे कलली, तेव्हाही नाही. मी वाट पाहत होतो आणि आपण वाट पाहतो आहोत हेच मला उशिरा कळले. इतकी वर्षे मी दिवस मोजले ते त्याच्या आवाजावर. तो बोलला की मी जळायचो, आणि जळता जळता माझा दिवस जायचा. हेवा करायलाही कोणीतरी आपले लागते, मित्रांनो. आता ते कोणी उरले नव्हते. त्याचे शेवटचे बोल माझेच होते. कोणी विश्वास ठेवला नाही तरी बोलत राहिला.

पुढे मशीद वरच्या अंगाला नव्याने बांधायचे ठरले. चौकीवर बैठक बसली. जुमेनो म्हणाला, "माझ्या मनात आहे, ह्यालाच मशिदीत टांगू. ह्यानं गाव वाचवला, त्याला मान मिळायला हवा."

"खरंच आहे!" सगळे म्हणाले.

माझे लाकूड मोहरून आले. ओसरी! तेल! रमजानातली पोरे! ज्यासाठी जन्मभर जळलो ते सगळे दारात येऊन उभे होते. तेवढ्यात सारिनेम उभी राहिली. माश्यांनी सुजलेला तिचा हात अजून बांधलेला होता.

"नाही," ती म्हणाली. "ह्याला इथून हलवायचं नाही."

"अगं, तूच म्हणायचीस ना, चुलीत घाला म्हणून?" जुमेनो हसत म्हणाला. "आता राग गेला असेल."

"राग गेला नाही आणि जाणारही नाही. माझा माणूस गेल्याचं ह्यानं मला सांगितलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ह्याला ओसरीवर नेऊन रोज बडवलात, तर पुढच्या वेळी तो वाजल्यावर तुम्ही काय म्हणाल? पोरं खेळतायत, असंच ना? तुमची अक्कल मी त्या दिवशी पाहिली."

जुमेनोचा चेहरा पडला. मी चौकीवरच राहिलो. जिची लेक मी वाचवली तिनेच माझ्या तोंडचा घास काढला! मी तिच्यावर कितीतरी दिवस रुसलो होतो. पण ती खोटे बोलली असे मला कधी म्हणता आले नाही.

आता माझ्या कुशीवर लोखंडी पट्टी आहे. माझे दांडके साखळीने खांबाला बांधलेले आहे, म्हणजे मिरचीला टेकू द्यायला कोणी नेऊ शकत नाही. सणाला चौकी झाडली जाते आणि पोरांना माझ्याखाली बसवून टोल्यांची भाषा शिकवतात. टाळ्या वाजवून शिकवतात, मला हात न लावता. मित्रांनो, तुमच्याही गावात, शाळेत असे काहीतरी असेल. एखादी घंटा असेल, नाहीतर आगीसाठी भरून ठेवलेली वाळूची बादली असेल. ते गंमत म्हणून वाजवू नका, सांडू नका. पण ते कामाला येत नाही म्हणून विसरूही नका. त्याचे दांडके जागेवर आहे ना, एवढे येता-जाता पाहत जा. संकट यायच्या आधी त्याची विचारपूस करा, मागाहून पिवळा भात घातला नाही तरी चालेल.

नव्या मशिदीत आता नवा केंटोंगान आहे. दुसऱ्या गावच्या फणसाचा, कोवळा, चकचकीत. त्याला तेल मिळते, नवी दोरी मिळते, पोरांची त्याच्यासाठी भांडणे होतात. मला हेवा वाटतो का? वाटतो, थोडा. जन्माची खोड अशी सहज कुठे जाते? आता हे बोलता बोलताच तो वाजू लागला आहे. आवाज वाईट नाही त्याचा. पण खरे सांगू? माझ्या भावाची सर त्याला नाही.